वाया जाणारं पाणी

जून आला की आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक मावशी शेवळं घेऊन बसते. शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या आगेमागे जंगलात उगवणारे जांभळट कोंब. सोबत काकडंही घ्यावी लागतात, नाहीतर भाजीने घसा खाजतो. साफ करायला तास जातो, संपायला पाच मिनिटं पुरतात. मावशी खर्डीकडची. पहाटेची कसारा लोकल धरते, ठाण्याला गाडी बदलून मुलुंडला उतरते आणि टोपलं रिकामं झालं की दुपारी परत. तिच्यापाशी तेलाचा एक रिकामा पाच लिटरचा कॅन असतो. वॉचमनच्या केबिनशेजारी बागेचा नळ आहे, तिथे ती तो भरून घेते.

2024 च्या जूनमध्ये या कॅनवरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाभारत झालं. 5 जूनपासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागली होती. तलावांत दहा टक्केसुद्धा पाणी उरलं नव्हतं, राखीव साठ्यातून काढायची वेळ आली होती, आणि आमच्या बी विंगच्या वरच्या मजल्यांवर नळाला नुसती हवा येत होती. अशात कोणीतरी मावशीचा कॅन भरतानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आपण टँकर मागवतो आणि बाहेरचे लोक फुकट पाणी नेतात.' त्याला सतरा अंगठे आले.

मी सोसायटीची खजिनदार. पाण्याचं बिल माझ्याच हातून जातं, म्हणून मी हिशोब करून पाहिला. पालिकेचा दर घरगुती वापराला हजार लिटरमागे साडेसहा रुपयांच्याही आत होता. म्हणजे पाच लिटरचे झाले तीन पैसे. मी हे ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "मॅडम, प्रश्न तीन पैशांचा नाही, प्रिन्सिपलचा आहे." प्रिन्सिपलपुढे कोणाचं चालतं? नळाला कुलूप लागलं.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी मनातल्या मनात एक गोष्ट रचून ठेवली होती. धरणाच्या काठची बाई मुंबईतून लोकलने घरी पाणी घेऊन जाते, अशी. छान गोष्ट होती. ग्रुपवर टाकली असती तर सतरा अंगठ्यांची तोंडं बंद झाली असती. पण टाकण्याआधी मावशीला विचारलं.

"मावशी, हे पाणी घरी नेता का हो?"

ती हसायला लागली. "घरी? भाजीवर मारते ना ताई. सुकली तर कोन घेईल? आनि पाच लिटरचं ओझं गाडीतून कोन नेईल!"

माझी गोष्ट तिथेच कोसळली. सावरायला म्हणून मी विचारलं, "गावाला आहे ना पाणी?"

"हाय की. समोरच हाय, धरन." जुडीला दोरा गुंडाळून तिने दातांनी तोडला. "प्यायचं निराळं."

ते 'निराळं' माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आमचे अण्णा गिरणीत होते. लालबागला चाळीत राहायचो. पाणी पहाटे चारला यायचं. आई आणि काकू मोरीपासून जिन्यापर्यंत हंडे-कळशांची रांग लावून बसायच्या आणि अण्णा पहिली पाळी नसली तर सातला उठून पेपर उघडायचे. पावसाळ्यात ते आधी आतलं पान उघडायचे, जिथे सात तलावांचं कोष्टक असायचं. मग घरभर ऐकू जाईल अशी घोषणा. "तानसा आज भरणार!" जणू पोरगं मॅट्रिक झालं. मोडकसागर मी बरीच वर्षं मोदकसागर असंच वाचत होते आणि तिथला पाऊस कसा असेल याची माझी कल्पना होती. ते नाव एन. व्ही. मोडक या पालिकेच्या इंजिनिअरचं आहे, हे कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

ते कोष्टक अजून छापून येतं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. सातांची मिळून क्षमता 14,47,363 दशलक्ष लिटर. हा आकडा मुंबईतल्या वार्ताहरांना पाढ्यासारखा पाठ असतो. कपातीच्या दिवसांत मी त्याच्याकडे पहिल्यांदा खजिनदाराच्या नजरेने पाहिलं. विहार आणि तुळशी हे दोनच तलाव मुंबईच्या हद्दीत. त्यांची बेरीज केली तर शंभरातले अडीचसुद्धा भरत नाहीत. एकटा भातसा जवळजवळ निम्मा. तो शहापूर तालुक्यात. तानसा, मोडकसागर त्याच बाजूचे. अप्पर वैतरणा तर नाशिक जिल्ह्यात. म्हणजे ज्यांना आपण 'मुंबईचे तलाव' म्हणतो त्यातलं साडेसत्याण्णव टक्के पाणी मुंबईबाहेरचं. मुलुंडच्या पलीकडे काय आहे ते मुलुंडकरालाही धड सांगता येत नाही, आणि हे सगळं पाणी मुलुंडच्या पलीकडून येतं.

या शहराची तहान पावलापावलाने उत्तरेकडे सरकत गेली. आधी बेटावरची तळी आणि विहिरी होत्या. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावं उरली, पाणी बुजलं. 1860 मध्ये मिठी नदीच्या उगमाशी बांध घालून विहार झाला, 1879 मध्ये तुळशी. ते पुरेना म्हणून शहर साष्टी बेटाबाहेर पडलं आणि 1892 मध्ये तानसा गाठलं. 1957 मध्ये मोडकसागर, 1973 मध्ये अप्पर वैतरणा, मग ऐंशीच्या दशकात भातसा, 2014 मध्ये मध्य वैतरणा. आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर धरण बांधायचं चाललंय, रोजचे 440 दशलक्ष लिटर मिळावेत म्हणून. त्यात तानसा अभयारण्याचं जंगल आणि आदिवासी गावं जाणार. त्यापुढे पिंजाळ आहेच. एक नदी कमी पडली की पुढची. नकाशावर बोट फिरवायचं आणि जिथे निळी रेघ दिसेल तिथे थांबायचं.

वैतरणा ब्रह्मगिरीच्या बाजूला उगवते. त्याच डोंगरातून गोदावरी निघते. एक पूर्वेला वळते आणि थेट आंध्रापर्यंत जाते, दुसरी पश्चिमेला घाट उतरते. आपल्याकडे मेलेल्या माणसाला जी ओलांडावी लागते तिचंही नाव हेच, वैतरणी. गाईचं शेपूट धरायला मिळालं तर पैलतीर. लहानपणी आजीकडून ऐकलेली ती नदी मी रोज सकाळी ब्रशवर पेस्ट लावून तोंडात घेते, हे पन्नाशीनंतर लक्षात आलं.

पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात मावशीच्या पुतणीचं लग्न होतं. मावशीने पत्रिका दिली ती हळद लावून, दोन्ही हातांनी. "यायचं हां ताई. नुसतं हो हो नको." गेले. कसारा लोकलमध्ये आसनगाव गेलं की हवा बदलते. मेमध्ये गारवा नसतो, पण आकाश मोठं होतं. खर्डीला उतरून जीपने गाव. गाव उंचवट्यावर आणि मांडव आंब्याच्या टाळ्यांचा. मांडवाच्या मागच्या बाजूने दरीत खाली पाहिलं तर झाडांच्या फटीतून पाणी दिसत होतं. निळंशार, स्वस्थ, काठावर लाल मातीचा पट्टा सोडून आत गेलेलं.

साडेअकराला टँकर आला. टँकरचं पाणी गावातल्या टाकीत किंवा नळात जात असेल अशी माझी समजूत. तो विहिरीशी जाऊन उलटा लागला, ड्रायव्हरने जाड पाइप विहिरीच्या तोंडात सोडला आणि पाणी धबाधबा खाली ओतलं. विहीर चांगली चाळीस फूट खोल असेल, तळाला गाळ. वरून पडणारं पाणी गाळावर आपटून लगेच तांबूस झालं. एकजण वरून पावडरची पुडी टाकून गेला. तोवर कठड्याभोवती पंधरा-वीस बाया पोहरे घेऊन उभ्या. लग्नाच्या नटव्या साड्या आणि हातात दोर. टँकरचा पाइप अजून आत होता तेव्हाच पोहरे खाली गेले, कारण थांबलं तर पाणी खडकातल्या भेगांत मुरतं. दोर एकमेकांत अडकत होते आणि कोणी कोणावर ओरडत नव्हतं. मनगटाला एक हिसका देऊन दोर सोडवायचा, हे त्या हातांना इतकं सवयीचं की बोलणं चालूच. नवरीकडचं कार्य म्हणून तिच्या आईला पहिले सहा हंडे दिले होते. हंडा वर आला की ती त्याच्या तोंडावर पदराची दुहेरी घडी धरायची आणि गाळून दुसऱ्या हंड्यात ओतायची. पदरावर राहिलेली माती झटकायची. पुन्हा.

मी पत्रावळीवर जेवले, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. पाण्याचा ग्लास कोणीतरी पुढे केला. बाटलीबंद पाण्याचा बॉक्स पाहुण्यांसाठी आणला होता. माझ्यासाठी.

जेवणानंतर नवरीच्या आजोबांशी बोलत बसले. माझा प्रश्न शहरी माणसाचाच, "धरण एवढं जवळ आहे तर पाणी का नाही?" त्यांनी हात पुढे करून तळवा दरीकडे कलता केला. "पानी खाली जातं बाई. वर येत नाय." एवढंच. पुढचं मी नंतर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त इंजिनिअरकडून समजून घेतलं. काळ्या कातळाचा हा डोंगरी भाग आहे. पाऊस अडीच हजार मिलिमीटर पडला तरी कातळ तो धरून ठेवत नाही, चार महिन्यांत वाहून जातो. धरण बांधतात ते दरीत, गावं असतात वर. धरणातून मुंबईकडे पाणी येतं ते बहुतेक उताराने. तानसा-वैतरण्याला पंपसुद्धा लागत नाही. भातशाचं नदीत सोडलेलं पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात. गावाला तेच पाणी दोनशे-तीनशे फूट वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, वीजबिल भरणारं कोणीतरी हवं, फुटलेली पाइप जोडणारा हवा. शंभर किलोमीटर खाली आणणं परवडतं, तीन किलोमीटर वर नेणं परवडत नाही. यात कोणाचा दुष्टपणा शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. पण उताराचं कारण पुढे करून हात झटकणंही मला पटत नाही. मलबार हिलच्या टाकीत पाणी चढवताना कोणी म्हटलं नाही की पाणी वर येत नाही.

आजोबांचा राग मुंबईवर नव्हता, हे मला नवल वाटलं. राग होता तो हायवेच्या कडेला उभ्या राहिलेल्या फार्महाउसांवर. "पाचशे फूट बोर मारतात, पोहायला. आमची विहीर आधी मार्चपर्यंत पुरायची." मग म्हणाले, "आता घाटावरनं पानी येनार म्हनतात."

घाटावरून म्हणजे इगतपुरीच्या भावली धरणातून. शहापूरच्या टंचाईग्रस्त गाव-पाड्यांसाठी ती योजना घेतली आहे, उताराने येणारी. कागदावर छान आहे. पण भावली हे दारणेच्या खोऱ्यातलं, म्हणजे गोदावरीचं पाणी. गोदावरीच्या खाली मराठवाडा. जायकवाडी भरत नाही म्हणून नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दर दोन-तीन वर्षांनी कोर्टकचेऱ्या होतात. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं तेव्हापासून तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की दोन्हीकडचे नेते बाह्या सरसावतात. तिकडची जुनी मागणी अशी की पश्चिमेला वाहून जाणारं पाणी अडवून गोदावरीत टाका. त्यातला एक प्रस्ताव अप्पर वैतरण्याचं पाणी मुकणे धरणात वळवण्याचा. म्हणजे बघा, गोदावरीचं पाणी घाट उतरून शहापूरला येणार, कारण शहापूरचं पाणी मुंबईला जातं. आणि वैतरण्याचं पाणी घाट उतरायच्या आधीच वळून गोदावरीत जाणार, कारण गोदावरीत पाणी नाही. घाटमाथ्यावर ही दोन्ही पाणी समोरासमोर आली तर एकमेकांना काय म्हणतील, हा प्रश्न मी त्या निवृत्त इंजिनिअरना विचारला होता. ते हसले नाहीत.

हे काही नवं नाही म्हणा. आंध्रा नदीचं पाणी तिच्या मनाप्रमाणे वाहिलं असतं तर इंद्रायणीला मिळून देहू-आळंदीवरून भीमेत आणि पंढरीला गेलं असतं. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी ते मावळात ठोकरवाडीला अडवलं, पश्चिमेकडे वळवून भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं. मुंबईच्या गिरण्यांना, म्हणजे पुढे अण्णांच्या सांच्यालाही, लागणारी वीज अशाच पाण्याची. वीज झाल्यावर ते उल्हास नदीत येतं आणि खालची शहरं ते उचलतात. पंढरीच्या वाटेवरचं पाणी बदलापूर-कल्याणच्या नळाला. टाटांच्याच मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. आता उजनी कोरडी पडली की सोलापूरकर म्हणतात, आमचं भीमेचं पाणी परत द्या. दिलं तर उल्हासवर जगणाऱ्या शहरांनी काय करायचं, याचं उत्तर कोणापाशी नाही. शंभर वर्षं चुकीच्या दिशेने वाहिलेल्या पाण्यावर आता लाखो माणसं वसलीत.

या सगळ्या वादांत एक शब्द सारखा कानावर पडतो. वाया. 'समुद्रात वाया जाणारं पाणी.' मराठवाड्यातला शेतकरी म्हणतो, पुढारी म्हणतात, आमचे सेक्रेटरीही म्हणतात. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला अर्नाळ्याचा एक सहकारी होता, कोळी घरातला. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हाच शब्द वापरला, तर डबा बाजूला सारून तो तासभर बोलला. पावसाळ्यात वैतरण्याचं गोडं पाणी खाडीत उतरतं, तिथे गोडं-खारं मिसळतं, त्या मचूळ पाण्यात कोळंबीची पिल्लं वाढतात, बोय येतात, चिखलात निवट्या असतात. त्याच्या वडिलांच्या वेळी पाऊस संपल्यावरही कितीतरी दिवस खाडीची चव गोडसर असायची. आता वर सगळं अडलंय. वैतरणेवर तीन धरणं एकामागे एक, उपनदी तानसावर एक, सूर्येवर एक. "खारं पाणी वर सरकतं, मॅडम. खाजणातली भातं जळतात. तुमच्या दृष्टीने वाया, आमचं दुकानच ते." वाया या शब्दाचा अर्थ एवढाच की ते माझ्या घरापर्यंत आलं नाही. हे मला त्या दिवशी डब्यातल्या गार झालेल्या पोळीवर कळलं.

सूर्येचं नाव निघालं म्हणून. धामणीचं धरण बांधलं ते डहाणू, विक्रमगड, पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या शेताला पाणी मिळावं म्हणून. त्यातलं रोजचं 403 दशलक्ष लिटर आता मिरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी. शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. पण विरारच्या सहाव्या मजल्यावर टँकरवर जगणारी बाई तरी खोटं रडत होती का? मुंबईत घर परवडलं नाही म्हणून ती तिथे गेली. भातसाचा उजवा कालवा शहापूर-भिवंडीच्या शेतांसाठी, आणि धरणातलं बहुतेक पाणी मुंबई-ठाण्यासाठी. अशा ठिकाणी आधी शेताचं नाव सांगून धरण होतं आणि मग शहर येऊन रांगेत पुढे उभं राहतं. शहराकडे पैसे आहेत, मतं आहेत, आणि मुख्य म्हणजे थांबता येत नाही असं सांगायची ताकद आहे. शेत एक हंगाम थांबू शकतं असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. शेताने तसं कधी म्हटलेलं नाही.

आणि रांगेत पुढे आल्यावर शहर काय करतं? रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी मुंबईत येतं. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा गळती-चोरीत जातो, हे मी कॉलेजात होते तेव्हाही छापून यायचं. उरलेल्याची वाटणीही सरळ नाही. बरीच वर्षं हिशोब असा की इमारतीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्याला 45. ज्यांची झोपडी सरकारने ठरवलेल्या कट-ऑफ तारखेच्या नंतरची, त्यांना तेही नाही. 2014 च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. सांगावं लागलं, हे विशेष. आणि विहार-तुळशीच्या भोवतीच्या जंगलात, राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर, बाया अजून डोक्यावरून पाणी आणतात. खर्डीपर्यंत जायची गरजच नव्हती मला. बोरिवलीला गेले असते तरी चाललं असतं.

मुलुंड पश्चिमेला तानसाची पाइपलाइन जाते. मी सकाळी तिच्या कडेने चालायला जाते. माणूस आत उभा राहील एवढे मोठे, गंजाच्या रंगाचे पाइप, जोडांवर रिवेटची ठिगळं. एका जोडातून सतत पाणी टपकतं. तिथे कोणीतरी अर्धी कापलेली बाटली अशी बांधली आहे की थेंब तिच्यात पडतात, तिथून नळीने खाली बादलीत. बादली भरायला वीस मिनिटं लागतात, मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. बादलीवर ऑइलपेंटने नाव लिहिलेलं आहे आणि ती कोणी पळवत नाही. त्या पाइपवर कान ठेवला तर आत पाण्याची घरघर ऐकू येते. लग्नाहून आल्यानंतर एका सकाळी मी आजूबाजूला कोणी नाही असं बघून कान ठेवला. एक जॉगिंगवाला थांबून म्हणाला, "काकू, बरं वाटतंय ना?"

सोसायटीच्या सभेत मी विषय काढला. म्हटलं, टाकीचा फ्लोट खराब आहे, दर आठवड्याला ओव्हरफ्लो होते, तो आधी बदलू. म्हटलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायला मागे एक टाकी बांधलेली आहे, नियमाप्रमाणे, तिच्यात आता जुन्या कुंड्या आणि कोणाचं तरी ट्रेडमिल आहे. फ्लोट बदलायचं ठरलं, साडेनऊशे रुपये खर्चाला मंजुरी मिळाली. ट्रेडमिल ज्यांचं ते गावाला गेले आहेत. नळाच्या कुलपावर चर्चा झाली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम तुम्ही भावनिक होताय." झाले असेन. पन्नास फ्लॅटमधल्या त्रेचाळीस जणांच्या घरी आरओ मशीन आहे. एक लिटर शुद्ध पाणी गाळताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि ते पाणी पालिकेने भांडुपला आधीच शुद्ध करून पाठवलेलं असतं. हे मी मोजायचं म्हटलं तर प्रिन्सिपलचा प्रश्न नव्हता. माझ्याही घरी ते मशीन आहे. काढलेलं नाही. त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसते, एवढीच माझी क्रांती.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, 26 तारखेला, सगळ्यांना चकवून. शेवळंही लवकर आली. मग टाकळा, कुरडू, फोडशी, आणि जुलैत करटोली. मोडकसागर भरून वाहिल्याची बातमी आली तेव्हा ग्रुपवर धरणाच्या दारांतून उसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ फिरला, खाली हात जोडलेले, फुलं, ढोल. मी अण्णांच्या सुरात मोठ्याने म्हणून पाहिलं, "मोडकसागर भरला!" घरात कोणी नव्हतं.

करटोल्यांच्या दिवशी मावशी भिजून आली होती. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन बसलेली.

"गावाला पाऊस कसा आहे?"

"मोप." तिने करटोली पाटीत नीट लावली. "विहीर काठापर्यंत. हात घालून पानी घ्यावं."

पुतणी कशी आहे विचारलं. बरी आहे, सासर वाशिंदला, तिकडे नळ आहे, दिवसाआड येतो. वाशिंदला भातसा नदी गावाजवळून जाते. मी ते बोलले नाही.

बागेच्या नळाला कुलूप होतंच. म्हणून हल्ली मी तिचा कॅन वर घेऊन जाते आणि स्वयंपाकघरात भरून आणते. खजिनदार म्हणून तीन पैसे माझ्या खात्यावर. त्या दिवशीही आणला. तिने झाकण उघडलं, ओंजळीत थोडं घेतलं, तोंडाला लावलं आणि चूळ भरल्यासारखं कडेला टाकून दिलं.

"काय झालं?"

"वास मारतोय दवाईचा." उरलेलं पाणी तिने करटोल्यांवर शिंपडलं. "पाव किलो देऊ का अर्धा?"